बॅकअप रोज घेता ना, मग परत का देता येत नाही? होस्टिंग कंपनीला खुलं पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक, आणि सपोर्ट, बिलिंग, सर्व्हर सांभाळणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये. बदनामी करायची हौस नाही, आणि खरं सांगायचं तर हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना हे आपल्याच होस्टिंगबद्दल लिहिलंय असं वाटणार आहे. तुम्हाला मात्र ओळख पटेलच, कारण माझी तिकिटं, म्हणजे तक्रारी, तुमच्याकडे आहेत, बरीचशी "रिझॉल्व्ह्ड" असा शिक्का मारून बंद केलेली.

आधी घाईचं सांगतो, म्हणजे बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं काम व्हावं. सर्व्हर बसला त्याच्या आदल्या रात्रीचा, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या म्हणजे वाचनालयाच्या साईटचा जो डेटाबेस डंप (सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवलेली कॉपी) तुमच्या स्टोरेजवर आहे तो पुसू नका. ३० दिवसांपेक्षा जुन्या कॉप्या आपोआप उडतात असं तुमच्याच पॉलिसीत लिहिलंय आणि ती मुदत आता संपत आलीय. कुणी उघडून सेव्ह न केलेला, जसा घेतला तसाच्या तसा डंप मला हवाय. का हवाय ते पुढे येतंच.

मी सांगली भागात लोकांच्या छोट्या वेबसाईट करून देतो आणि सांभाळतो. ऑफिस वगैरे काही नाही, एक लॅपटॉप, एक फोन आणि ओळखीतून आलेली गिऱ्हाईकं. तासगावचे एक बेदाणा व्यापारी आहेत, एक मंगल कार्यालय आहे, दातांचे एक डॉक्टर, एक-दोन क्लासवाले, आणि एक सार्वजनिक वाचनालय ज्यांचं काम मी जवळजवळ फुकट करतो कारण लहानपणी तिथलीच पुस्तकं वाचून मोठा झालोय. या सगळ्यांना तुमचं होस्टिंग घ्या असं मीच सांगितलं होतं. त्यांना तुम्ही माहीतच नाही. साईट बंद पडली की फोन मला येतो, तुमच्या चॅटबॉटला नाही.

तुमच्या जाहिरातीत "रोजचा ऑटोमॅटिक बॅकअप, एका क्लिकवर रिस्टोअर" असं आहे आणि त्याच एका ओळीवर मी तुमचा प्लॅन घेतला, नाहीतर वर्षाला हजारेक रुपयांनी स्वस्त मिळत होतंच की. आता त्या ओळीचा कसा बोजवारा उडाला ते सांगतो.

पहिली गोष्ट, बॅकअप कुठे ठेवता ते. रात्री सर्व्हर गेला, सकाळी तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं की रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटाच्या, पॉवरचा प्रॉब्लेम झालाय आणि रिस्टोअरला वेळ लागेल कारण बॅकअपचं स्टोरेज पण बंद आहे. मी म्हटलं ते का बंद? तर म्हणे ते पण त्याच रॅकमध्ये आहे. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, परत विचारलं, तर हो, तेच. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावलं की जे होतं ते झालं. यावेळी नुसता पॉवर गेला म्हणून डिस्क वाचल्या. आग लागली असती तर?

आग लागते हो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच क्लाउड या होस्टिंग कंपनीचं आख्खं एक पाच मजली डेटासेंटर जळालं, शेजारच्याचाही काही भाग गेला. ज्यांचे बॅकअप दुसऱ्या ठिकाणी होते ते काही दिवसांत सावरले, ज्यांनी पैसे देऊन बॅकअप घेतला होता पण तो त्याच इमारतीत होता त्यांचा सर्व्हरही गेला आणि बॅकअपही. त्यातल्या एका गिऱ्हाइकानं केस टाकली आणि २०२३ मध्ये लिलच्या व्यापारी न्यायालयानं कंपनीला भरपाई द्यायला सांगितली, मुद्दा हाच होता, बॅकअप वेगळ्या जागी असायला हवा होता आणि तो नव्हता. युरोपातल्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तुमचा तर एक रॅक आहे.

रेड आहे ना आमच्याकडे, असं तुमचा एक जण चॅटवर म्हणाला. रेड म्हणजे एक डिस्क गेली तर दुसरी चालते, एवढंच. चुकून काही डिलीट केलं तर दोन्ही डिस्कवरनं एकाच क्षणी डिलीट होतं. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमाल आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मंगल कार्यालयाची साईट परत आली आणि मालकांचा फोन आला की साईट चालू झाली, छान. मीही खूश. दोन दिवसांनी त्यांचाच परत फोन, आवाज चढलेला, एकाच मुहूर्ताला दोन पार्ट्या. झालं असं होतं की तुम्ही जो बॅकअप लावला तो ताजा नव्हता, काही आठवड्यांपूर्वीचा होता. त्यानंतर जी बुकिंगं झाली ती सगळी डेटाबेसमधनं गायब, त्यामुळे कॅलेंडरवर त्या तारखा हिरव्या दिसायला लागल्या, रिकाम्या. आणि लग्नसराईत चांगल्या मुहूर्ताची तारीख रिकामी दिसली तर माणूस थांबतो का? एका कुटुंबानं ऑनलाइन ॲडव्हान्स भरून टाकला. ज्यांनी आधी बुक केलं होतं त्यांच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. आता यात कार्यालयाचा मालक काय करणार, त्यानं दोघांच्या घरी जाऊन हात जोडले, एका पार्टीला मिरजेतलं दुसरं कार्यालय बघून दिलं आणि भाड्यातला फरक स्वतःच्या खिशातून भरला. मला त्यांनी एक शब्द वाईट बोलला नाही आणि तेच जास्त लागलं.

जुना बॅकअप लावावा लागणं हे मी समजू शकतो, कधीकधी तेवढाच असतो. पण कुठल्या तारखेचा लावला हे सांगितलं का नाही? तिकिटात फक्त "युअर वेबसाईट हॅज बीन रिस्टोअर्ड सक्सेसफुली". सक्सेसफुली! नुसती तारीख लिहिली असती तरी मी पहिल्या मिनिटाला बुकिंगचा फॉर्म बंद केला असता, पेमेंट गेटवेच्या रिपोर्टवरनं आणि मालकांच्या डायरीवरनं मधल्या तारखा भरून घेतल्या असत्या आणि मग साईट उघडली असती. ज्या साईटवर पैसे घेतले जातात तिथं जुना डेटा गुपचूप चालू करणं हे साईट बंद असण्यापेक्षा वाईट आहे. साईट बंद असली तर लोक फोन करतात. चुकीचं दाखवणारी साईट असली की लोक विश्वास ठेवतात.

आणि बॅकअप जुना का होता? हे कळायला मला तुमच्या तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलावं लागलं. कारण निघालं आयनोड. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, आयनोड म्हणजे साधारण सर्व्हरवरच्या फाइलींची संख्या. प्लॅनवर लिहिलंय "अनलिमिटेड", पण अटींमध्ये खूप खाली एक ओळ आहे की अमुक इतक्यापेक्षा जास्त फाइली झाल्या की ते अकाउंट रोजच्या बॅकअपमधून वगळलं जाईल. कार्यालयाच्या साईटवर लग्नांचे फोटो आहेत, वर्डप्रेस एक फोटो टाकला की त्याच्या लहानमोठ्या साईजच्या चार-पाच कॉप्या स्वतःच बनवतं, वर कॅशेच्या फाइली, आकडा कधी ओलांडला कुणाला कळणार? तुमच्या सिस्टिमला कळलं होतं. तिनं त्या दिवसापासून बॅकअप घेणं बंद केलं आणि कुणालाही एक मेल टाकला नाही. रिन्यूअलचा मेल मात्र महिनाभर आधीपासून येतो, एकामागून एक.

बरं, डेटा जास्त आहे म्हणून बॅकअपच नाही, हे कारण देणारे तुम्ही एकटे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटासेंटरला बॅटरीमुळे आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं जी-ड्राइव्ह जळालं, ८५८ टेराबाइट, आणि बाहेर कॉपी नव्हती कारण म्हणे साईज फार मोठी होती. तिथं निदान जगाला कळलं तरी.

तिसरी गोष्ट वाचनालयाची, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं झालंय आणि तुमच्या लेखी इथं काही झालेलंच नाही.

वाचनालयाची साईट परत आली तेव्हा रंग, फोटो, मेनू सगळं जागेवर. पण पुस्तकांची यादी उघडली तर प्रत्येक ओळीत प्रश्नचिन्हं. पुस्तकाचं नाव, प्रश्नचिन्हं. लेखक, प्रश्नचिन्हं. प्रकाशक, विषय, शेरा, सगळीकडे तेच. दाखल क्रमांक आणि किंमत तेवढी शाबूत, कारण ती इंग्रजी आकड्यांत भरलेली होती. मी तिकीट टाकलं. तुमच्याकडून उत्तर आलं की आमच्याकडून साईट व्यवस्थित लोड होतेय, आणि सोबत पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडलेला. त्या स्क्रीनशॉटमध्ये वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं होती. पाठवणाऱ्याला वाटलं असणार ही अशीच भाषा आहे. मी हसावं की काय करावं ते कळेना. परत लिहिलं, लाल गोल करून पाठवलं, तर उत्तर आलं की ब्राउझरची कॅशे क्लिअर करा.

आता नेमकं काय झालं असावं ते लिहितो, तुमच्या टेक्निकल माणसाला वाचायला द्या. जुना सर्व्हर मायएसक्यूएल ८ चा होता (मायएसक्यूएल म्हणजे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर). तुम्ही रिस्टोअर केलं ते दुसऱ्या, जुन्या व्हर्जनच्या सर्व्हरवर. ८ मध्ये टेबलांना जे नवीन कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम, डीफॉल्ट लागतं ते जुन्या व्हर्जनला माहीतच नसतं, त्यामुळे डंप चढवताना "अननोन कोलेशन" म्हणून एरर येतो. हा एरर जगात रोज कुणाला ना कुणाला येतो आणि उपायही साधा आहे, डंपच्या फाइलमध्ये त्या कोलेशनचं नाव शोधून जुनं नाव घालायचं. तुमच्या माणसानं तेच केलं असणार, कारण आता टेबलांवर जुनं कोलेशन दिसतंय. पण माझा अंदाज असा की त्यानं ती फाइल अशा एडिटरमध्ये उघडली आणि अशा एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, सेव्ह केली ज्यात देवनागरीला जागाच नाही. "मराठी" हा शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, ५ खुणांचा आहे, म, र, काना, ठ, वेलांटी, आणि प्रत्येक खुणेला ३ बाइट म्हणजे एकूण १५. सेव्ह करताना एडिटरला या पाचांपैकी एकही खूण त्याच्या तक्त्यात सापडली नाही, त्यानं पाच प्रश्नचिन्हं लिहून टाकली. खरीखुरी प्रश्नचिन्हं, दिसायला नुसती नाही, डिस्कवर तीच लिहिलेली.

हे मुद्दाम एवढं फोडून सांगतोय कारण दुसरा एक प्रकार असतो ज्यात मराठीच्या जागी टोप्या घातलेली, चलनाची चिन्हं मिसळलेली रोमन अक्षरं दिसतात. तो प्रकार परवडला. त्यात बाइट सगळे शाबूत असतात, नुसते चुकीच्या तक्त्यानं वाचले गेलेले असतात. मायएसक्यूएलचा डीफॉल्ट ८ वं व्हर्जन येईपर्यंत लॅटिन-१, म्हणजे फक्त रोमन अक्षरांचा तक्ता, असायचा त्यामुळे जुन्या मराठी साईटवाल्यांनी हे भोगलेलंच आहे, डंप लॅटिन-१ म्हणून काढायचा, यूटीएफ-८ म्हणून चढवायचा, मराठी परत येते. प्रश्नचिन्हांचं तसं नाही. तिथं परतीचा रस्ता नाही, कितीही हुशार माणूस बसवा. रस्ता फक्त मूळ डंपमधून आहे, आणि म्हणून मी वर पहिल्यांदा तेच मागितलं.

तोवर काय चाललंय सांगू का? वाचनालयात दाखल नोंदवह्या आहेत, जाड, लाल कापडी बांधणीच्या, काहींचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. ग्रंथपाल मॅडमनी त्या कपाटातून काढल्यात आणि दाखल क्रमांकावरनं एकेक ओळ मिळवून पुस्तकाचं नाव परत टाईप करतायत. मदतीला दोन कॉलेजची मुलं. पुस्तकाची नावं तरी वहीत आहेत. वाचकांनी साईटवर लिहिलेले अभिप्राय, कुणी जुन्या अंकांबद्दल दिलेली माहिती, कुणाच्या आजोबांनी वाचनालयाला दिलेल्या पुस्तकांच्या आठवणी, ते कुठल्या वहीत असणार? जुन्या वेबपानांच्या कॉप्या ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधलं, मुख्य पान आणि दोन-चार पानं मिळाली. कॅटलॉग सर्चच्या मागे असतो आणि त्यांचा बॉट सर्चच्या डब्यात शब्द टाईप करत नाही, त्यामुळे आतलं काही नाही. माझ्याकडे माझी स्वतःची कॉपी असतेच, ती मी लावून दिली, पण ती रोजची नाही, त्यानंतरचं सगळं हातानंच भरावं लागतंय. रोजची तुम्ही घेणार होतात.

चौथी गोष्ट, मेल. बेदाणा व्यापाऱ्यांचं अकाउंट तुम्ही आख्खंच्या आख्खं मागच्या तारखेला नेलंत, फाइली, डेटाबेस आणि मेलबॉक्ससकट. मेलबॉक्स बिघडलेला नव्हता, कुणी त्याचं रिस्टोअर मागितलं नव्हतं. मधल्या दिवसांत आलेले मेल गेले, त्यात बाहेरगावच्या पार्टीची पर्चेस ऑर्डर होती. फोनवर आयमॅप, म्हणजे सर्व्हरवर जे आहे तेच फोनवर दाखवणारी सोय, लावलेला होता त्यामुळे सर्व्हरवर मेल नाहीत म्हटल्यावर फोननं पण आपल्याकडचे काढून टाकले. हे करताना एक क्षण थांबून "मेल पण मागे नेऊ का" एवढं विचारायला काय झालं असतं.

डॉक्टरांच्या साईटचा तर वेगळाच प्रकार. तुमची वाट बघून शेवटी मी माझ्या कॉपीवरनं ती उभी केली, साईट ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीचं व्हर्जन नव्या सर्व्हरवर वेगळं होतं त्यामुळे एक जुनं प्लगइन मरत होतं ते बदललं, अपॉइंटमेंटचा फॉर्म तपासला, डॉक्टरांना सांगितलं झालं म्हणून. आणि रात्री तुमच्या रांगेत तिचा नंबर आला आणि तुमच्या स्क्रिप्टनं माझ्या चालू साईटवर तुमचा बॅकअप ओतला. आधी जे होतं त्याची कॉपी घेतली का? नाही. सकाळी परत पांढरं पान.

आणि पाचवी, ज्यावर मी फार वेळ घालवत नाही, पैसे. रिस्टोअरची फी लावलीत, प्रत्येक अकाउंटला वेगळी, वर १८ टक्के जीएसटी. तुमच्या रॅकचा पॉवर गेला आणि बिल मला. विचारलं तर अटींमधली ओळ दाखवली की बॅकअप ही "कर्टसी" म्हणून दिलेली सोय आहे, जबाबदारी ग्राहकाची. जाहिरातीत फीचर आणि भांडणात कर्टसी, दोन्ही एकदम कसं चालेल? शिवाय ग्राहकानं स्वतः करायचं म्हणावं तर सीपॅनेलमधून, म्हणजे ग्राहकाला दिलेल्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून, आख्ख्या अकाउंटचा बॅकअप मला डाउनलोड करता येतो पण तो परत लावायचा अधिकार मला नसतो, तो तुमच्याच लेव्हलवरनं लावावा लागतो. मी होम डिरेक्टरी आणि डेटाबेस सुटे सुटे लावू शकतो, तेवढंच. म्हणजे जबाबदारी आमची आणि किल्ल्या तुमच्याकडे.

मला चुकांचा राग नाही. चुका सगळ्यांच्या होतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर उडवला, कळेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार राहिले होते. मग बघायला गेले तर एकाही पद्धतीचा बॅकअप धड चालत नव्हता. रोजचा डंप व्हर्जन जुळत नसल्यामुळे होतच नव्हता आणि तो होत नाहीये हे सांगणारे मेल पण अडवले जात होते. शेवटी कुणीतरी टेस्टिंगसाठी सहा तास आधी योगायोगानं काढलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची कॉपी, कामी आला, सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. पण त्यांनी काय केलं? कामाच्या नोट्स जशाच्या तशा लोकांसमोर ठेवल्या, रिस्टोअर चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, नंतर कुठे काय चुकलं त्याचा सगळा हिशेब लिहून काढला. लोक चिडले, पण कंपनी टिकली. तुमचं स्टेटस पेज मात्र त्या सगळ्या दिवसांत हिरवंगार, "ऑल सिस्टिम्स ऑपरेशनल".

आणि दुसऱ्या ठिकाणी कॉपी ठेवली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचा प्रायव्हेट क्लाउड, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली सर्व्हरची व्यवस्था, एका सेटिंगच्या चुकीनं उडाला, दोन्ही ठिकाणच्या कॉप्यांसकट. सहा लाखांवर सभासद. ते वाचले त्यात मोठा हात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा. आमच्यासारख्यांच्या साईटला त्याच्या शंभराव्या हिश्श्याची काळजी घेतलीत तरी पुरे.

तर मागण्या. सरळ लिहितो.

१. वाचनालयाचा मूळ, न उघडलेला डंप आजच वेगळा काढून ठेवा आणि मला डाउनलोडची लिंक द्या. त्या सर्व्हरवरच्या बाकीच्या अकाउंटच्या त्या तारखेच्या कॉप्या पण महिनाभर तरी पुसू नका. माझ्यासारखे अजून असतील, त्यांना अजून कळलं नसेल.

२. रिस्टोअर करण्याआधी ग्राहकाला विचारा: कुठल्या तारखेचा, काय काय, फाइली, डेटाबेस की मेल. आणि चालू साईटवर काहीही ओतण्याआधी जे आहे त्याची कॉपी घ्या. तिकीट बंद करताना बॅकअपची तारीख आणि वेळ लिहा.

३. बॅकअप दुसऱ्या शहरात हलवा. कुठल्या शहरात ते प्लॅनच्या पानावर लिहा. हलवणं जमत नसेल तर "रोजचा बॅकअप" ही ओळ जाहिरातीतून काढा, आम्ही आमची सोय बघू.

४. कुठल्याही कारणानं एखाद्या अकाउंटचा बॅकअप झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मेल. फाइली जास्त झाल्या असतील तर किती झाल्या आणि मर्यादा किती हे सीपॅनेलवर दिसू दे.

५. या घटनेची रिस्टोअर फी जीएसटीसकट परत करा, माझीच नाही, त्या रॅकवरच्या सगळ्यांची. मंगल कार्यालयाला जो भुर्दंड बसला त्याबद्दल तुमच्यापैकी कुणीतरी वरच्या माणसानं त्या मालकांशी स्वतः बोलावं. रकमेचं नंतर बघू.

६. काय झालं त्याचा लेखी अहवाल द्या. कुठल्या अकाउंटवर कुणी कधी काय लावलं त्याचे लॉग तुमच्याकडे असायला हवेत, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे होस्टिंगवाल्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. नाहीत असं उत्तर देण्याआधी विचार करा.

७. तीन महिन्यांतून एकदा तरी एखादा बॅकअप खरोखर बाजूच्या सर्व्हरवर लावून बघा, आणि त्यात एक साईट मराठीतली, एक तमिळमधली, एक उर्दूतली घ्या. उघडते का एवढं बघून थांबू नका, वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. तुमच्या ऑफिसात मराठी वाचता येणारा एक तरी असेलच, नसेल तर मला पाठवा, मी बघून देतो, फी घेणार नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला माहीत आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी करारांबद्दल काय म्हटलंय तेही वकील मित्रानं वाचून दाखवलंय. तिकडे जायची वेळ आली तर जाईन, पण माझा वेळ गिऱ्हाइकांच्या साईट उभ्या करण्यात गेलेला मला जास्त आवडेल.

उत्तर मराठीत द्या, हिंदीत द्या, इंग्रजीत द्या, फक्त टेम्प्लेट नको. वाचनालयाचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. ऑटो रिन्यू मी बंद केलंय. त्यांच्या कार्यकारिणीची मीटिंग या रविवारी आहे, तिथं हे पत्र आणि तुमचं उत्तर दोन्ही ठेवणार आहे. उत्तर आलं नाही तर नुसतं पत्र ठेवीन आणि साईट दुसरीकडे हलवायचा ठराव मांडायला सांगेन.

आपला,
तुमचा जुना ग्राहक
सांगली